बाबा, त्या होडीचं उत्तर सापडलं

सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँड
रविवार, रात्र

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नका. आम्ही तिघंही धडधाकट आहोत. आई, तू कुठलंही पत्र शेवटच्या पानापासून वाचतेस, पण हे मात्र पहिल्यापासून वाच. शेवटी बातम्या आहेत आणि त्यातली एकही वाईट नाही.

रोजचं सगळं तुम्हाला फोनवर कळतंच, ते पुन्हा लिहीत नाही. पण फोनवर बाबांशी धड बोलणं होत नाही. त्यांना अर्धं ऐकू येत नाही, मग ते "बरं, बरं" म्हणतात आणि फोन वहिनीच्या हातात देतात. मला त्यांच्याशीच बोलायचं आहे. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मला गेल्या महिन्यात सापडलं.

बाबा, 'स्टार ट्रेक' आठवतं ना? अंतराळातल्या जहाजाची ती इंग्रजी मालिका, रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची ती. मी पाचवीत होते. आपला लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, फरशीवर दाटीवाटीने बसलेली वाड्यातली पोरं, आणि तुम्ही खिडकीत आरसा टेकवून दाढी करता करता आम्हाला इंग्रजीचं मराठी करून सांगायचात. कॅप्टन कर्क म्हणजे 'कप्तान', मिस्टर स्पॉक म्हणजे 'कानवाला', डॉक्टर मॅकॉय 'आपले डॉक्टर' आणि यंत्रं सांभाळणारा स्कॉटी 'मिस्त्री'. खडकीच्या कारखान्यातलं सगळं खातं तुम्ही त्या जहाजावर नेऊन बसवलं होतंत. मला कॉलेजात जाईपर्यंत त्यांची खरी नावं सांगता येत नव्हती.

तर त्याच मालिकेचे सुरुवातीचे भाग मी सध्या पुन्हा बघते आहे. रोज रात्री एक. हे झोपले की बैठकीच्या खोलीत आवाज बारीक करून बसते. आई, झोप पुरेशी होते, काळजी करू नकोस. एक भाग पन्नासच मिनिटांचा असतो.

ते भाग हाती कसे लागले ते सांगते, कारण इथली ही पद्धत मला चोवीस वर्षांत नीट पचलेली नाही. इथे घरातलं म्हातारं माणूस गेलं आणि मुलं दूर असली की घरातल्या वस्तूंची विक्री लावतात. 'इस्टेट सेल' म्हणतात त्याला. बुधवार-गुरुवारपासून गल्लीच्या कोपऱ्यावर बाणाची पाटी लागते. शनिवारी सकाळी घराचं दार सताड उघडं ठेवतात आणि अनोळखी माणसं रांग लावून आत शिरतात. गर्दी जास्त असली तर नंबराची चिठ्ठी देतात. आत प्रत्येक वस्तूला किमतीचा कागद चिकटवलेला असतो. कपबशीला, उशीला, भिंतीवरच्या घड्याळाला, अर्ध्या वापरलेल्या साबणाच्या पावडरीलासुद्धा. लोक कपाटं उघडतात, गेलेल्या माणसाचा कोट अंगाला लावून बघतात, ताटं वाजवून बघतात, हुज्जत घालतात. दुसऱ्या दिवशी सगळं निम्म्या किमतीत. उरलंसुरलं दान, नाहीतर कचऱ्यात. आणि हे सगळं अगदी शांतपणे चालतं. कुणी रडत नाही, कुणाला अशुभ वाटत नाही. उलट आजूबाजूचे म्हणतात, त्यांच्या वस्तू कुणाच्या तरी उपयोगी पडल्या, बरं झालं. आपल्याकडे आजी गेली तेव्हा तिच्या डब्यातली सुपारीसुद्धा आत्याने कुणाला हलवू दिली नव्हती. म्हणून मी अशा घरांत कधी जात नव्हते.

पण हे घर समोरच्या आजोबांचं होतं. बर्फ पडला की आमच्या पायऱ्यांवर मीठ टाकून जायचे तेच. त्यांच्या दाराशी शनिवारी रांग लागलेली बघवेना, म्हणून गेले. तळघरातल्या फळीवर पिवळ्या प्लास्टिकची पेटी होती, 'स्टार ट्रेक'चं पहिलं वर्ष, 29 भाग, आठ तबकड्या. किंमत तीन डॉलर. शेजारी ती लावायचं यंत्र, पाच डॉलर. आई, मेलेल्या माणसाची वस्तू घरात आणली म्हणून रागावू नकोस. आणल्यावर देवापुढे ठेवली होती, हळदकुंकू लावलं, मग उघडली. पेटीच्या आत त्यांच्या अक्षरात भागांची यादी होती आणि बघून झालेल्या भागांपुढे बारीक फुल्या. अठराव्या भागानंतर फुल्या नाहीत.

आता होडी. तो भाग आठवतो का बघा. माणसांना जहाजावरून खाली पाठवणारं यंत्र बिघडतं आणि कप्तानाचे दोन कप्तान होतात, एक भला नि एक तापट. इकडे वर तो गोंधळ, आणि तिकडे खाली जहाज चालवणारा सुलू आणि त्याचे सोबती ग्रहावर अडकलेले. रात्र पडते, थंडी वाढत जाते, ते बंदुकीने दगड तापवून त्यांच्याभोवती बसतात. मी रडायला लागले होते. सुलू वर काहीतरी बोलला तेव्हा तुम्ही म्हणालात, "चहा पाठवा म्हणतोय. दोरीला किटली बांधून सोडा म्हणतोय." पोरं हसली. मला वाटायचं तुम्ही मला हसवायला मनचंच सांगितलंत. बाबा, तो खरंच तसंच म्हणतो! लांब दोरी शोधा आणि गरम कॉफीचं भांडं खाली सोडा, असं. कॉफीचा चहा तेवढा तुम्ही केलात.

आणि मग दाढीचा ब्रश हातात धरून तुम्ही तुमचा प्रश्न विचारलात. एवढं मोठं जहाज, चारशेच्या वर माणसं, आणि खाली जायला एक होडी ठेवली नाही? कोकणातल्या लाँचलासुद्धा बाजूला होडी बांधलेली असते. लिहिणाऱ्याच्या डोक्यात कसं आलं नाही हे? कुणालाच उत्तर देता आलं नाही. पुढे कितीतरी दिवस तुम्ही ते बोलून दाखवायचात.

उत्तर असं की होडी बांधायला त्यांच्याकडे तेव्हा पैसेच नव्हते. लिहिणाऱ्यांच्या डोक्यात होडी होती. पण खऱ्या आकाराची होडी सेटवर उभी करायची, तिचं छोटं मॉडेल करायचं, हे त्या खर्चात बसेना. माणसं चमचमत नाहीशी होतात ते यंत्रसुद्धा काटकसरीतूनच निघालं. दर आठवड्याला एवढं जहाज ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणार नव्हतं, म्हणून माणसांनाच थेट खाली पोचवायचं. ती चमचम म्हणजे ॲल्युमिनियमची पूड, प्रकाशाच्या झोतात वरून सोडायची आणि कॅमेरा उलटा धरून संथ गतीने चित्रण करायचं. होडी आली त्याच वर्षात पुढे. मॉडेलांचे संच विकणारी एएमटी नावाची कंपनी होती. जहाजाचे संच विकायचे हक्क आम्हाला द्या, होडी आम्ही बांधून देतो, असा सौदा झाला. तुमच्या प्रश्नाचा भाग इथे दाखवला 6 ऑक्टोबर 1966 ला आणि होडी पहिल्यांदा दिसली 5 जानेवारी 1967 ला. तीन महिन्यांनी. सुलूला तिचा उपयोग झाला नाही.

तुम्ही तेव्हा नुकतेच खडकीला लागला होतात आणि आई कऱ्हाडला मॅट्रिकच्या वर्षात होती. तारखा वाचताना मी हेच हिशेब करत बसते.

आणखी एक. कप्तानाच्या सदऱ्याच्या रंगावरून आपलं भांडण झालं होतं. टीव्हीत सगळे करडे, मी वहीत पिवळा रंगवला, आणि तुम्ही म्हणालात अधिकारी माणूस आहे, मिलिटरीसारखा हिरवाच असणार. आता रंगीत बघितलं तर पिवळा दिसतो. मी जिंकले म्हणून आनंदात होते. मग वाचलं की ते वेलूर नावाचं मखमलीसारखं कापड मुळात हिरवटच होतं, आपल्या ॲव्होकाडोच्या रंगाचं, आणि स्टुडिओच्या दिव्यांखाली फिल्मवर पिवळं उठायचं. तुम्ही बरोबर होतात, बाबा.

आई, आता तुझ्यासाठी. इथे सगळ्यात पहिल्यांदा दाखवला गेलेला भाग मिठाचा आहे. 8 सप्टेंबर 1966, नाव 'द मॅन ट्रॅप'. एका ओसाड ग्रहावर एक प्राणी असतो, त्याच्या जातीतला शेवटचा, आणि त्याला जगायला मीठ लागतं. मीठ मिळेना की तो माणसांच्या अंगातलं मीठ शोषून घेतो. बाबांनी तेव्हा "हडळ आहे, रक्त पिते" म्हणून सांगितलं होतं. गंमत म्हणजे ह्या भागासाठी त्यांनी वेगळ्याच घडणीच्या मीठदाण्या विकत आणल्या. मग लक्षात आलं की ही मिठाची भांडी आहेत हे बघणाऱ्याला कळणारच नाही. म्हणून मीठदाण्या साध्याच वापरल्या, आणि त्या सुंदर मीठदाण्या डॉक्टरांच्या हातात दिल्या, तपासायची हत्यारं म्हणून. आपण ज्या चकचकीत यंत्राने डॉक्टर नाडी बघताना बघायचो ती मीठदाणी होती. हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव, आणि लगेच हेही वाच की वहिनीने मला सांगितलं आहे, दुपारी सगळे झोपले की लिंबाच्या लोणच्याची बरणी कोण उघडतं ते. बाबा, डॉक्टरांनी मीठ बंद म्हणजे बंद सांगितलं आहे. मी इथून हात धरायला येऊ शकत नाही.

पण त्या भागातलं मला सांगायचंय ते निराळंच. तो प्राणी ज्याच्यासमोर जाईल त्याच्या मनातलं रूप घेतो. पहिल्याच प्रसंगात तिघं जण एकाच बाईला भेटतात. डॉक्टरांचं तिच्यावर एकेकाळी प्रेम होतं, त्यांना ती पूर्वीइतकीच तरुण दिसते. कप्तानाला ती वयाप्रमाणे दिसते, केस पिकलेले. तिसऱ्याला कुणी भलतीच पोरगी दिसते. पुढे तोच प्राणी जहाजावर येतो आणि संदेश सांभाळणाऱ्या उहुराशी स्वाहिली बोलतो, तिच्या भाषेत. एवढ्या लांब, त्या लोखंडी बोळात कुणीतरी आपली भाषा बोललं म्हणून ती जागच्या जागी थांबते. मला ती का थांबली ते समजतं. इथल्या इंडियन दुकानात डाळींच्या रांगेत मागून कुणी "अगं, तूर बघ ना" म्हटलं तर मी वळतेच.

हा भाग बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी आपला व्हिडिओ कॉल होता. बाबा फोन धरता धरता तो खाली घसरला आणि मला एकदम त्यांचा हात दिसला, टेबलावर टेकलेला. निळ्या शिरा, सालीसारखी कातडी, अंगठ्याचं नख दुभंगलेलं. मला कळेना हा कुणाचा हात. इतकी वर्षं मी फोनवर बघत होते ते दाढीचा ब्रश धरलेल्या, चाळिशीतल्या बाबांना. तुम्ही म्हातारे झालात हे मला माहीत होतं, पण दिसत नव्हतं. दादाला रोज दिसतं. तो जवळ आहे.

कानवाल्याबद्दलही विचारायचंय. सगळ्या जहाजाला एक साथ लागते, हाताला हात लागला की पसरते, आणि माणसाचं मनावरचं झाकण उडतं. सुलू उघड्या अंगाने तलवार घेऊन बोळातून पळतो, तो भाग. त्यात कधी न हसणारा, न रडणारा कानवाला एका खोलीत जाऊन दार लावतो आणि रडतो. मी तुम्हाला विचारलं होतं, "काय म्हणतोय?" तुम्ही म्हणालात, "काही नाही, डोळ्यांत काहीतरी गेलंय त्याच्या." आणि उठून बाहेर गेलात. त्याच वर्षी आजी गेली होती. आता नीट ऐकलं. त्याची आई पृथ्वीवरची, लग्न होऊन अशा लोकांत गेलेली जिथे माया दाखवणं हलकं समजतात. तिच्यावर माझं प्रेम आहे हे मी तिला कधीच सांगू शकलो नाही, असं म्हणून तो रडतो. बाबा, तुम्हाला तेव्हा कळलं होतं ना? मला कळवा. दोन ओळींचं पत्र लिहिलंत तरी चालेल, वहिनीच्या हातून नको.

जहाज मी प्रत्यक्ष बघितलंय हे तुम्हाला 2017 साली फोनवर सांगितलं होतं, पण नीट नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनच्या विमान-अंतराळ संग्रहालयात, लिंडबर्गने ज्यातून एकट्याने अटलांटिक ओलांडला ते विमान टांगलंय त्याच दालनात, खाली काचेत ठेवलं होतं. अकरा फूट लांब, 1964 सालचं, बहुतेक सगळं लाकडाचं. पॉपलरचं लाकूड. तुमच्या पॅटर्न शॉपमध्ये, लाकडी नमुने करायचे तिथे, सहज झालं असतं. सगळे पुढून फोटो काढत होते. मी तुमची मुलगी, मागे जाऊन सांधे बघितले. तर डावी बाजू जवळजवळ कोरी. उजव्या बाजूला खिडक्या, अक्षरं, दिवे, सगळं. आणि डावीकडून आतल्या दिव्यांच्या वायरी आत गेलेल्या. ते कायम उजवीकडूनच चित्रित करायचे, म्हणून दुसरी बाजू पुरी केलीच नव्हती. तुम्ही मला सागवानाच्या तुकड्यातून जहाज करून दिलं होतंत, त्याला दोन्ही बाजूंना खिडक्या कोरल्या होत्या. पोगर सुईएवढा बारीक घासून घेतला होतात त्यासाठी.

आता तुमच्या काळज्या. बातम्यांत गोळीबाराचं बघता, ते इथून लांब असतं, देश खूप मोठा आहे. मी रात्री एकटी चालत जात नाही. जेवण दोन्ही वेळा घरचं. वजन कमी झालंय ते मी मुद्दाम केलंय, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. नोकऱ्या जाताहेत असं दादा पेपरात वाचतो आणि विचारतो. माझी गेलेली नाही. मार्चपासून तास कमी केलेत, आठवड्याला पंचवीस, एवढंच. ह्यांचा पगार पूर्ण आहे. हे मी सात महिने सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर दादाने माझ्याकडून एक रुपया घेतला नसता. तसाही तो घेत नाही. आईच्या मोतीबिंदूसाठी पाठवलेले साठ हजार त्याने परत केले, "तुलाच लागतील" म्हणून. ते मला फार लागलं. मी पुन्हा पाठवते आहे, ह्या वेळी वहिनीच्या खात्यात. तिला सांगून ठेवा. दादा तुमचं सगळं करतो, तुम्हाला दवाखान्यात नेतो, रात्री उठतो. मला एवढं तरी करू द्या.

आणि गेल्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की तिकीट मिळालं नाही. तिकीट मिळत होतं. नवी नोकरी लागून दोन महिने झाले होते, रजा मागायची भीती वाटली. दादाला ते कधीच कळलं असणार. बाबा, तुम्ही मला विचारलं नाहीत.

आता बातमी. आमची चिऊ लग्न करते आहे. मुलगा इथलाच, ओहायोचा, शाळेत गणित शिकवतो, आई नर्स आहे, वडील नाहीत. मुलगा शांत आहे, वरणभात हाताने जेवतो, चिऊला उलट बोलत नाही. आम्हाला पसंत आहे. नोव्हेंबरच्या शेवटी इथल्या कोर्टात सह्या करतील, दहा माणसांत, तशीच दोघांची इच्छा आहे. फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तू आधी बोललीस, आई, "तिचं आपल्याकडेच बघू" म्हणालीस, मग माझ्याने पुढे बोलवेना. ह्यांनी चांगली मुलं बघितली नाहीत असं नाही. तिने स्वतः निवडला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं पुण्याला येतोय. तिकिटं काढली, दाखवायला प्रत सोबत जोडली आहे. पौष असेल हे मला माहीत आहे, आई, पण त्याच्या शाळेला सुट्टी तेव्हाच असते. सत्यनारायण घालू, तुझ्या हातून तिची ओटी भरू, बाकी लग्नाचं म्हणून काही करायचं नाही. सोनं काढू नकोस. आजीच्या पाटल्या दादाच्या चिनूच्या लग्नासाठी ठेवल्या आहेत, त्या तिच्याच. वहिनीला हे माझ्याकडून सांग.

बाबा, मी पेटी आणि ते यंत्र बॅगेत घालून आणते. चिऊच्या नवऱ्याला मराठी येत नाही आणि तुम्हाला ऐकू कमी येतं, तर सकाळी दहाला आपण लावू आणि तुम्ही पूर्वीसारखं सांगा. तो चाळीस वर्षांनी नवा प्रेक्षक मिळेल तुम्हाला. माळ्यावर जुन्या ट्रंकेत सागवानाचं जहाज असेल तर दादाला काढून ठेवायला सांगा. त्याचं डावं नळकांडं सुटलं होतं, ते मी फेव्हिकॉलने चिकटवलं होतं. टिकलंय का ते कळवा.

लोणच्याची बरणी वहिनीकडे द्या.

तुमची,
बेबी